गावात गेलेला टॉवर

आमच्या घराण्यात सगळे मास्तर. आजोबा मास्तर, वडील मास्तर, आत्या मास्तरीणबाई आणि धाकटा भाऊ लातूरच्या एका कोचिंग क्लासात फिजिक्सचा सर. लातुरात चौकाचौकात त्याचा फोटो लागलेला असतो, खाली डॉक्टर-इंजिनियर झालेल्या पोरांची रांग. त्याच्याच ओळखीनं मीही त्या क्लासात दोन महिने गणित शिकवलं. तिसऱ्या महिन्यात पहिल्या बाकावरच्या दोन पोरींनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "सर, राग मानू नका, पण तुम्ही दुसरं काहीतरी बघा." क्लासातल्या सगळ्यात हुशार पोरी होत्या त्या. मी ऐकलं.

नांदेडच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे रूट सर्व्हेच्या कामाला लागलो. पवनचक्कीचा टॉवर तीन तुकड्यांत येतो. सगळ्यात खालचा तो बॉटम, मग मिडल, मग टॉप. बॉटम आडवा ठेवला तर त्याच्या पोटातून बैलगाडी सहज जाईल. असा तुकडा रस्त्यानं न्यायच्या आधी एक माणूस जीप घेऊन जातो, प्रत्येक वळण मापतो, विजेच्या तारांखाली खुणा केलेला बांबू उभा धरतो आणि पूल दिसला की खाली उतरून त्याच्या पोटाकडे बघतो. तो माणूस मी. चार्टच्या शेवटच्या रकान्यात एकच शब्द लिहायचा असतो: "जाईल" किंवा "जाणार नाही". खाली माझी सही. सहीशिवाय ट्रेलर रस्ता बदलत नाही. आई शेजारणीला सांगायची, "आमचा थोरला रस्त्याच्या कामावर असतो." ऐकणारीला वाटायचं, खडी फोडतो.

त्या वर्षी औश्याच्या पुढे एका टेकडीवर पवनचक्क्या उभ्या राहायच्या होत्या. भूकंपाला तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. रस्ता जात होता माझ्या मामांच्या गावावरून. आता "मामांचं गाव" म्हणजे काय, हे आधी सांगायला पाहिजे. कारण हे नीट न सांगितल्यानंच पुढचं सगळं झालं.

किल्लारीच्या बाजूला भूकंपानंतर कितीतरी गावं जिथल्या तिथं सोडून दिली आणि दोन-तीन किलोमीटरवर नवी वसवली. सरकारी नकाशात नवं आहे तेच गाव. पाटीही तिथंच. पण त्या बाजूच्या माणसाला विचारा. नव्याला तो म्हणणार वसाहत. गाव म्हणजे जिथं आता काही नाही ते. दगडांचे ढीग, वेड्या बाभळी, एक चिंच. "गावात जाऊन येतो" म्हणून माणूस निघतो आणि बाभळीत जाऊन बसतो, यात कुणाला काही वेगळं वाटत नाही.

मामा वसाहतीतल्या सरकारी घरात राहायचे. मामी गेली ती भूकंपातच. मामा त्या रात्री शेतात राखणीला होते म्हणून राहिले. गावातल्या घराच्या भिंती सगळ्या पडल्या, पण जोतं तेवढं जागेवर राहिलं, काळ्या घडीव दगडाचं, गुडघाभर उंच. मामा दर चार दिवसांनी जाऊन ते झाडायचे, भेगांतलं गवत उपटायचे. आईनं एकदा विचारलं, "दादा, घर न्हाई, दार न्हाई, झाडतोस काय?" मामा म्हणाले, "मी वसाहतीत झोपतो गं. राहतो गावातच."

सर्व्हे मी वसाहतीतून केला होता आणि चोख केला होता. वसाहतीतले रस्ते इतके रुंद की लोक वीस वर्षं तक्रार करून राहिले होते, शेजारणीला मीठ मागायला जायचं म्हणजे प्रवास झाला म्हणून. माझ्या बॉटमला मात्र ते रस्ते असे होते की जणू त्याच्याचसाठी आखलेत. मी लिहिलं, जाईल.

ट्रेलर चालवायला होते आमचे उस्ताद, मुदखेडचे. त्यांचे वाडवडील बैलगाडीची चाकं बनवायचे, आणि उस्ताद म्हणायचे की आमच्या खानदानात चाकं तीच, फक्त वाढत गेली. त्याआधी काही वर्षं त्यांनी बंदरावर टॉवर पोचवायचं काम केलं होतं. तिथून ते टॉवर जहाजात चढून परमुलखात समुद्रात उभे राहायला जायचे. "समुद्र बेस्ट, मास्तर," ते मला सांगायचे. मी मास्तर नव्हतो हे कळल्यापासून ते मला मास्तरच म्हणायचे. "तिथं वळण न्हाई, वायर न्हाई, कुणाची म्हैस आडवी येत न्हाई. इथं प्रत्येक मोडावर कुणीतरी चहा घेऊन उभं."

कंपनीचा इंजिनियर सव्वीस वर्षांचा, माझ्या भावाचा विद्यार्थी. मला काका म्हणायचा आणि माझ्या चार्टवर लाल पेनानं खुणा करायचा. भावाच्या शिकवणीचा घरात एवढा त्रास याआधी कुणाला झाला नव्हता.

त्या दिवशी सकाळी निघालो. पुढच्या जीपमध्ये मी. चालवणारा शेजारच्याच गावचा, पोरीला भावाच्या क्लासात घालायचं म्हणून वाटभर माझ्या मागं लागलेला.

"तुम्ही एक शब्द टाका सर. पोरगी लई हुशार हाय."

"टाकतो की. पण माझ्या शब्दाला तिथं वजन न्हाई, आधीच सांगतो."

तेवढ्यात फाटा आला. डावीकडे वसाहत, उजवीकडे अरुंद डांबरी. त्यानं सहज विचारलं, "गावात घ्यायचं ना?"

मी म्हणालो, "हाव, गावात."

त्यानं उजवीकडे वळवली. मागून उस्तादांनी ट्रेलर वळवला.

मला काहीच खटकलं नाही. लहानपणी सुट्टीत एसटीतून उतरलो की इथूनच उजवीकडे वळायचो, अंगाला तीच सवय. नाल्यावरची लहान मोरी गेली. पुढे ती चिंच दिसली आणि मला बरं वाटलं. खरं सांगतो, अर्धा मिनिट मला फार बरं वाटलं, गाव आलं म्हणून. मग लक्षात आलं, गाव यायला नको होतं.

वॉकीटॉकीवर म्हणालो, "उस्ताद, थांबा."

"क्या हुआ?"

"चुकीच्या रस्त्यावर आलोय."

खरखरीतून उस्ताद म्हणाले, "मास्तर, रस्ता तुम्हीच लिहून दिलाय."

ते थांबेथांबेतो ट्रेलरची शेवटची चाकं मोरीवरून उतरली होती, आणि उतरता उतरता मोरीचा एका बाजूचा भराव खाली बसला. हातभर रुंद भगदाड. म्हणजे मागं जायचा रस्ता आमच्यामागं तुटला. दोन्ही बाजूंना काळी जमीन, आणि पश्चिमेला अवकाळीचं आभाळ भरून आलेलं. काळ्या रानात पाऊस पडला की चपलेखाली चार किलो चिखल येतो. एवढा बोजा एकदा खचला असता तर तो बाहेर काढायला दुसरा रस्ता बांधायला लागला असता.

इंजिनियर मोबाइल काढून जागा मापत पुढं गेला. गावठाणात मोकळी जागा होती आणि खाली सगळा दगड, म्हणजे जमीन कडक. तिथं ट्रेलर वळवून पलीकडच्या रस्त्यानं, मोरी टाळून, बाहेर काढता आला असता. "काका, वळतो," तो म्हणाला. "एका बाजूला विहीर आहे, दुसऱ्या बाजूला हे दगडाचे ढीग. फक्त मागची चाकं इथून न्यावी लागतील." त्यानं बोट दाखवलं ते मामांच्या जोत्याकडे. आणि जोत्यावर मामा बसलेले होते.

त्यांचा आजचा यायचा दिवस होता. हे मला माहीत असायला हवं होतं. पण त्या दिवशी मला माहीत असायला हव्या होत्या अशा गोष्टींची यादी मोठी होती.

ट्रेलरचं इंजिन चालू होतं. मी जोत्याजवळ गेलो तेव्हा दिसलं, दगडावरची बारीक वाळू थरथरून राहिली होती. मामांनी दोन्ही तळवे दगडावर सपाट ठेवलेले. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण तळवे ते उचलत नव्हते. मी मागं वळून उस्तादांना हात केला, इंजिन बंद करा. बंद झालं. वाळू थांबली. मग मामांनी हात काढले.

"तू व्हय," ते म्हणाले. "हे काय आणलंस?"

"टॉवर हाय मामा. पवनचक्कीचा खालचा तुकडा."

"आन् गावात कशाला?"

"चुकून."

"वसाहतीतून न्यायचा की. तिथं रस्ते कसले हायेत बघ. कुणी चालत न्हाई त्यावरून."

इंजिनियरनं त्यांना नीट नमस्कार करून सगळं सांगितलं. मोरी, आभाळ, वळण. मामांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "न्या की वरून. मी कुठं अडवून राहिलो?" म्हणाले, पण उठले नाहीत.

आम्ही दोघं उभे. मामा बसलेले. इंजिनियर माझ्याकडे बघू लागला. त्याचंही चूक नव्हतं. वर टेकडीवर दोन क्रेन सज्ज होत्या, आणि टॉवर उभा करायचा तो सकाळीच, वारं चढायच्या आत. तो हळूच म्हणाला, "काका, परवानगी दिली त्यांनी. तुम्ही रूट बदलाची सही करा, मी उस्तादांना सांगतो."

मी आयुष्यात फारशा गोष्टी ठामपणे केलेल्या नाहीत. लग्नसुद्धा आईनं ठरवलं म्हणून केलं, आणि सुदैवानं बायको ठाम निघाली. पण त्या वेळी मी चार्ट घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणालो, "इथून जाणार नाही."

"जागा पुरते, काका. मी मोजलंय."

"पुरत असंल. जाणार नाही. आलो तसं उलटं जायचं."

"मोरी?"

"मोरी बांधू."

उस्ताद खाली उतरून आले होते. त्यांनी आधी जोत्याकडे बघितलं, मग मामांकडे, मग माझ्याकडे. "दीड किलोमीटर उलटं," ते म्हणाले. "ह्या बाईला घेऊन." ट्रेलरला ते बाई म्हणायचे. "मास्तर, पहिल्यांदा तुम्ही मास्तरासारखं बोलून राहिले. घेतो मी उलटं. पण मला मोरी पाहिजे, वचन नको."

मोरीला दगड पाहिजे. खडी केंद्रावर फोन केला तर टिपर संध्याकाळच्या आत येत नाही म्हणाले. आभाळ तोवर थांबणार नव्हतं. आमची आठ माणसं, पहारी होत्या, आणि सभोवार दगडच दगड. एकानं ढिगातला एक दगड उचलला.

"ठेव तो," मामा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण त्या माणसानं दगड होता तसा ठेवला. "ते येकेकाचे हायेत. ह्या ढिगात घरं हायेत, त्यांत माणसं गेलीत. वीस वर्षांत कुणी त्याला हात लावला न्हाई. तुमच्या गाडीसाठी लावायचा न्हाई."

इंजिनियर म्हणाला, "मग आजोबा, करायचं काय?"

मामा उठले. पहिल्यांदा उठले. जोत्यावरून खाली उतरले, चपला घातल्या, आणि आमच्या माणसाकडून पहार मागून घेतली.

"माझे घ्या," म्हणाले.

मी म्हणालो, "मामा, नको. यासाठीच तर मी उलटं न्यायला निघालो."

"तू गप बस. तुझ्या बानं तुला नीट मास्तर केलं असतं तर ही येळ आली नसती." त्यांनी कोपऱ्याच्या दगडाखाली पहार घातली. "चाकाखाली जाऊन चुरा व्हायचा ते येगळं. माझ्या हातानं काढतो ते येगळं."

पहिला दगड सुटायला वेळ लागला. मग एकामागून एक निघू लागले. मामा मध्येच थांबून मला म्हणाले, जणू काही रोजचंच सांगून राहिले, "पश्चिमेची भिंत ह्याच दगडाची व्हती. येका खाणीतले, येकाच दिवशी आणलेले. ती भिंत तिच्या अंगावर आली." मग पुन्हा पहार घातली. "येकदा तर पडलेत. बघू आता पेलतात का."

मी दगड वाहायला लागलो. पन्नाशीला टेकलेल्या माणसानं, ज्यानं बांबूपेक्षा जड काही उचललेलं नाही, त्यानं घडीव दगड उचलायचा नसतो. चौथ्या दगडाला माझी कंबर बोलली. उस्ताद म्हणाले, "मास्तर, तुम्ही दगडाच्या बारीक चिपा आणा. ढिगातल्या न्हाई, ह्याच जोत्याच्या." तेही वाहत होते, इंजिनियरही वाहत होता, शर्टाला डाग पडले तरी. वसाहतीतून मोटारसायकलींवर माणसं बघायला आली होती. कुणीतरी येऊन "मामांचं जोतं काढतेत" असं सांगितलं असावं. ती आधी लांब उभी राहिली, मग त्यांतली तिघं-चौघं काही न बोलता रांगेत येऊन लागली.

मोरीत दगड कसा बसवायचा हे मामांनीच सांगितलं. मोठा तळाला, सपाट अंग वर, फटीत चिप ठोकून. इंजिनियर काही हिशेब सांगू लागला तर मामा म्हणाले, "तुझं गणित बरोबर हाय पोरा. दगडाला ते ठाऊक न्हाई." भगदाड भरेपर्यंत दुपार टळली. आभाळ खाली आलं होतं. थेंब अजून नव्हता.

ट्रेलर उलटा निघाला. त्याच्या मागच्या चाकांना वेगळं वळवायची सोय असते. एक माणूस हातात रिमोट घेऊन शेजारून चालतो. मी लाल झेंडी घेऊन ट्रेलरच्या मागच्या टोकाकडे तोंड करून उलट्या पावलांनी चाललो. माझ्याकडे तो टॉवरचा गोल येत होता, झाकण लावलेली आडवी विहीरच, आणि माझ्यामागं मोरी. उस्तादांना मागचं काही दिसत नव्हतं. त्यांना दिसत होता तो माझा आवाज. "येऊ द्या. येऊ द्या. बस. डावं जरा. येऊ द्या." दोन महिने गणित शिकवताना जो आवाज फुटला नव्हता तो त्या दिवशी फुटला.

मोरीशी पोचलो तर मामा खाली नाल्यात उतरून उभे, बसवलेल्या दगडांसमोर, चार हात अंतरावर.

"मामा, वर या."

"मी बघून राहिलो."

"मामा, काही झालं तर..."

"काही झालं तर मला बघायचंय."

इंजिनियरनं हात धरून ओढायला बघितलं. मामा दोन पावलं मागं सरले, तेवढंच. उस्ताद वॉकीटॉकीवर विचारत होते, काय झालं, येऊ का. त्या दोन पावलांचं अंतर मी डोळ्यांनी मापलं. मापणं हेच माझं काम. मग म्हणालो, "या, उस्ताद. मुंगीसारखे या."

पहिली चाकं दगडांवर आली. दुसरी. मधल्या चाकांना खालून एक आवाज आला, दात खाल्ल्यासारखा, आणि एक चिप उडून मामांच्या पायाशी पडली. मी ओरडलो, "बस." सगळं थांबलं. एवढं ओझं त्या दगडांवर उभं, आणि मामा वाकून चिप उचलतात, फटीत परत बसवतात, हातोडी मागून घेऊन दोन ठोके देतात. मग दगडाला कान लावल्यासारखे टेकतात.

"येऊ दे," म्हणाले.

बाकीची चाकं गेली. शेवटचं चाक डांबरीवर उतरलं तेव्हा मामा अजून खालीच होते. दगडांकडे बघून ते एवढंच म्हणाले, "पेललं." आम्हाला नाही म्हणाले ते.

पाऊस आला तेव्हा बॉटम वसाहतीच्या रुंद रस्त्यावर उभा होता आणि त्याच्या पोटाखाली चार म्हशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॉवर उभा राहिला. मोठी क्रेन डोक्याकडून उचलते, लहान क्रेन पायाकडून धरून सोबत चालते, आणि आडवं झोपलेलं धूड हळूहळू उभं होतं. खाली पायाच्या गोल चौथऱ्यातून बोल्ट वर आलेले असतात, प्रत्येकाला त्याचं भोक सापडलं पाहिजे. माणसं कडेला गोल बसून खालून बघत होती, "थोडं माझ्याकडे, थोडं तुझ्याकडे." सगळे बोल्ट आत गेले तेव्हा इंजिनियर माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, सरांना फोन करून सांगू का?" मी म्हणालो, "सांग, पण मोरीचं गाळून सांग."

मला मात्र तिथं थांबवेना. दुपारी पहार, दोन माणसं आणि एक ट्रॅक्टर घेऊन मी मोरीवर गेलो. खडी केंद्राचा टिपर आता आला होता. म्हटलं, खडी भरू आणि मामांचे दगड काढून जोतं होतं तसं लावून देऊ. कोणता दगड कुठला हे मला आठवत नव्हतं, पण मामांना आठवणार. मी दोन दगड काढले. तिसऱ्याला पहार घातली तोच वरून आवाज आला.

"काय चाललंय?"

"तुमचे दगड परत लावतो मामा."

मामा काठावर बसले. थोडा वेळ त्या मोरीवरून जाणाऱ्या एका सायकलवाल्याकडे बघत राहिले.

"लातुरात पोरं चार-चार वर्षं क्लास लावून बसून राहिलीत," म्हणाले. "ह्या दगडांना आत्ता कुठं नोकरी लागली. सोडवू नको."

"पण जोतं?"

"जोत्यावर घर व्हतं तवर जोतं." मग माझ्या हातातल्या दगडाकडे बघून, "तो उलटा धरलास. सपाट अंग वर. काल सांगितलं व्हतं."

मी फिरवला. त्यांना पटेना. दुसऱ्या बाजूनं फिरवला. शेवटी ते स्वतः खाली उतरले, माझ्या हातून दगड काढून घेतला आणि जिथला होता तिथं बसवला. दुसराही बसवला. मी चिपा देत गेलो.